भांडी वाजवत ऱ्हा

सोनपेठ

प्रिय धनश्री,

पत्र बघून घाबरू नकोस. घरात सगळे धड आहेत. फोन हाताशी असताना आई कागद घेऊन का बसली, असं तुला वाटेल. विरेशलाही तेच वाटतंय, मघाशी दुकानातून जेवायला आला तेव्हा म्हणाला, "आई, मोबाईल बिघडला का तुझा?" मोबाईल चांगला आहे. पण फोनवर मला तू अर्धीच मिळतेस गं. तू "हं, हं, बोल ना" म्हणतेस आणि मागं कुकरची शिट्टी होते, मधेच सृष्टीला ओरडतेस, मग ऑफिसचा दुसरा फोन येतो. मागच्या खेपेला मी तुला सांगितलं की शेजारच्या नर्मदाबाईंचे मालक वारले, तर तू म्हणालीस, "अरे वा, छान झालं." मला राग नाही आला. आधी हसू आलं, मग फोन ठेवून तिथंच पायरीवर बसून राहिले. तुझे कान चांगले आहेत, मला माहीत आहे. तू फक्त त्या वेळी फोनवर नव्हतीस.

इकडची खबर म्हणशील तर यंदा सोयाबीन ऐन काढणीत भिजलं, त्यामुळे बाजाराच्या दिवशीसुद्धा आपल्या दुकानात शुकशुकाट असतो. विरेश तोंड पाडून बसतो. माझे गुडघे माझ्याशी भांडतात आणि मी त्यांच्याशी. नर्मदाबाई एकट्या पडल्यात, संध्याकाळी येऊन बसतात, दोघी मिळून शेंगा निवडतो. हे सगळं तू फोनवर विचारतेस. एक मात्र विचारत नाहीस. "बाकी सगळे?" एवढंच म्हणतेस, आणि त्या सगळ्यांत तुझे अप्पा आले असं आपण दोघी धरून चालतो. मीही "सगळे बरे" म्हणते. दोन वर्षं हे चाललंय. आता मला त्याचा कंटाळा आलाय, धनू. खरंच दमले मी. म्हणून आज सगळं सांगून टाकते. कुकर उतरव, सृष्टीला जावईबापूंकडं दे आणि सलग वाच.

त्या श्रावणी सोमवारी काय झालं ते तुला सांगायची गरज नाही, पण आपण ते एकमेकींना एकदाही नीट सांगितलेलं नाही. आपण दोघी महादेवाला पाणी घालायला निघालो होतो. सृष्टी तेव्हा चार वर्षांची. अप्पा आंघोळ करून समोरच्या खोलीत पूजेला बसत होते, आणि ती त्यांच्या पुढ्यात बेलाच्या पानांशी खेळत होती. तू चपला घालता घालता म्हणालीस, "अप्पा, हिच्याकडं लक्ष असू द्या." ते म्हणाले, "जा तुमी. समोरच तर हाय, दिसंल की मला." असं म्हणून त्यांनी गळ्यातलं इष्टलिंग काढून डाव्या तळहातावर घेतलं आणि त्यावर नजर लावली. आपण देवळातून परत आलो तेव्हा अंगणात बायका जमल्या होत्या. सृष्टी परसात गेली होती आणि बंबाची तोटी फिरवून बसली होती. दंडापासून मनगटापर्यंत सगळी कातडी. ती ओरडली ते भिंतीपलीकडच्या नर्मदाबाईंनी ऐकलं, त्या परसातून धावत आल्या, पोरीला उचललं, गार पाण्यात धरलं आणि घरात येऊन बघतात तर अप्पा तळहाताकडं बघत बसलेले. "आगं माय, पोरगी वरडायलीय अन् तुमी काय बसलाव!" असं त्यांनी खांद्याला धरून हलवलं, तेव्हा कुठं अप्पांनी मान वर केली.

परभणीच्या दवाखान्यात बाकावर तू मला एकच वाक्य बोललीस. "अप्पांना ऐकू आलं होतं. ते उठले नाहीत." मग तू कधी आली नाहीस. सणाला नाही, विरेशच्या साखरपुड्याला नाही.

तू तसं का म्हणालीस ते मला कळतं. आपल्याच घरानं तुला ते शिकवलं. तुझ्या आजी, गंगम्मा, आल्यागेल्याला सांगायच्या, "घर पेटलं तरी माझा सोमेश्वर हातावरची नजर काढायचा न्हाई." केवढ्या अभिमानानं सांगायच्या! लग्न होऊन आले तेव्हा मला पहिला धडा मिळाला तो हाच. अप्पा पूजेला बसले की पाटा-वरवंटा बंद, भांडं आपटायचं नाही, दाराची कडी हळू लावायची. पूजा झाल्याशिवाय ते पाण्याचा थेंब घेत नसत, आणि ती होईपर्यंत सगळं घर श्वास धरून असायचं. तू रांगायला लागलीस तेव्हापासून तुलाही तेच वळण. चवड्यांवर चालत तू त्यांच्या मागून जायचीस आणि पलीकडं पोचलीस की माझ्याकडं बघून हसायचीस, मी तुला गूळ द्यायची. हेच वळण त्या आठवड्यात आपण सगळ्यांनी सृष्टीला लावलं होतं. आजोबा पूजेला बसले की हाक मारायची नाही. तिचे हात भस्मानं बरबटले, ते तिला धुवायचे होते. तिनं आजोबांना हाक नाही मारली. शहाण्या मुलीसारखी गुपचूप उठून एकटीच हात धुवायला गेली. हे तिनंच मला दवाखान्यात सांगितलं, "आजोबांशी बोलायचं नव्हतं ना, आजी." तू तेव्हा औषधं आणायला गेली होतीस. तुला सांगायचा धीर मला झाला नाही.

तर ज्या घरात "घर पेटलं तरी" ही स्तुती होती, त्या घरात घर पेटल्यावर माणूस उठला नाही. तू त्याचा जो अर्थ लावलास तो गावानंही लावला. भजनाला येणारे नागनाथअण्णा तर कौतुकानं म्हणाले, "निष्ठा म्हणावी तर अशी." अप्पांनी त्यांना पायरीवरूनच परत पाठवलं. अण्णांनी अजून आपल्या दारात पाय ठेवलेला नाही.

अप्पा मला म्हणायचे, "वैजयंती, मला ऐकू आलं न्हाई." पहिल्या दिवशीही तेच, महिन्यानंतरही तेच. कधी रडून नाही, कधी शपथ घालून नाही, नुसतं सांगायचे. मी "हो" म्हणायची. पण पलीकडच्या घरातल्या बाईला ऐकू जातं आणि आपल्याच परसातलं यांना जात नाही, हे माझ्याही गळ्याखाली उतरत नव्हतं. मी त्यांना जेवायला वाढायची, औषध द्यायची, आणि मनात तुझंच वाक्य घोळवायची.

त्यानंतर त्यांचं काय झालं ते तुला कुणी सांगितलं नसेल. दुधानं तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो म्हणतात, पण यांनी तर पाणीसुद्धा फुंकून प्यायला सुरुवात केली. गल्ल्यावर बसले की गिऱ्हाईकाकडं लक्ष नाही, सगळं लक्ष रस्त्यावर. कुणाचंही पोर दिसलं की ओरडायचे, "ए, कडंनं चाल, कडंनं!" शाळेतली पोरं मग मुद्दाम दुकानासमोरून मधोमध जायची आणि त्यांची नक्कल करायची. एक किलो तूरडाळ मागितली तर हरभऱ्याची बांधून द्यायचे. विरेशनं शेवटी त्यांना प्रेमानं घरी बसवलं. घरीही तेच. मांजरानं उडी मारली की उठणार, कुकर वाजला की उठणार, नर्मदाबाई पलीकडं खोकल्या तरी यांचे कान टवकारलेले. सगळीकडं लक्ष ठेवायचं म्हणून कशातच लक्ष नाही. समोरचा घास तोंडात जायचा राहतो. चष्मा कपाळावर आणि घरभर चष्म्याचा शोध, काखेत कळसा नि गावाला वळसा. पूर्वी मी यावरून त्यांची चेष्टा केली असती. आता नुसता चष्मा काढून हातात देते.

आणि पूजा. पूजा सोडा असं त्यांना म्हणायची कुणाची छाती नव्हती, त्यांचीही नाही. गळ्यातलं लिंग आहे, ते हातावर घ्यावंच लागतं. पण त्यांना त्याची भीती बसली. एक दिवस स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभे राहिले आणि म्हणाले, "मी बसल्यावर तू भांडी वाजवत ऱ्हा. थांबू नको. मला आत जाऊ देऊ नको." मला वाटलं, काहीतरी बोलतायत. पण ते खरंच तसेच थांबले, मी "बरं" म्हणेपर्यंत. तेव्हापासून रोज सकाळी ते तिकडं बसतात आणि मी इकडं पितळी झाकणावर उलथनं मारत उभी राहते. ज्या घरात मी कडी हळू लावायला शिकले त्या घरात! सुरुवातीला नर्मदाबाई भिंतीवरून डोकावल्या, "काय वं, थाळ्या कशाला बडवायलाव?" मी म्हटलं, माकडं येतात. त्या आकाशाकडं, झाडाकडं बघून गेल्या. हात भरून येतात, धनू. उजवा खांदा तर गेल्यातच जमा आहे. थांबले की आतून आवाज येतो, "थांबलीस का?"

या भाद्रपदातली गोष्ट. ताप येऊन गेला होता, अंगात त्राण नव्हतं. झाकण वाजवता वाजवता मी भिंतीला टेकले आणि तशीच खाली बसले. हात थांबला. आतून "थांबलीस का" येईल म्हणून वाट बघितली, ते आलं नाही. उठून दारात गेले. ते बसलेले, डावा हात छातीसमोर, डोळे उघडे. डोळे उघडे असतात ना, हीच सगळी घोटाळ्याची जागा आहे. उघड्या डोळ्यांचा माणूस बघतोय असं आपण धरून चालतो. चेहरा इतका निवांत होता की मला ओळखू येईना. दोन वर्षांत पहिल्यांदाच त्यांच्या कपाळावर आठी नव्हती. मी हाक मारली. मग जोरात मारली. मग, मला काय सुचलं कोण जाणे, माझ्या आईची पितळेची घागर उचलली आणि त्यांच्या मागं फरशीवर सोडून दिली. विरेश माडीवरून खाली धावत आला. नर्मदाबाई पलीकडून ओरडल्या. हे हलले नाहीत. पापणी लवली, पण ती कुणाचीही लवते तशी. मी पुढं होऊन खांद्याला हात लावला तेव्हा त्यांनी मान वर केली आणि आधी माझ्याकडं, मग परसदाराकडं बघितलं, आणि त्यांचा चेहरा जो काही पडला तो मी तुला लिहून सांगू शकत नाही. म्हणाले, "कोण वरडलं? कुणाचं लेकरू हाय?"

त्या दिवशी मला पटलं. ते खोटं बोलत नव्हते. उठायचं नाही असं त्यांनी ठरवलं नव्हतं, देव मोठा की नात मोठी असा तराजू त्यांनी धरलाच नव्हता. हाक त्यांच्यापर्यंत आलीच नव्हती.

मग मी असं बघायला लागले आणि मला ते सगळीकडं दिसायला लागलं. विरेश गल्ल्यावर नोटा मोजत असतो, मी समोर उभी राहून जेवायला चल म्हणते, आणि वर तो मला विचारतो, "आई, तू कधी आलीस?" तू फोनवर असताना माझं एकदा दूध करपलं, धूर झाला, विरेश ओरडत आला तोवर मला वासही आला नव्हता. सृष्टी कार्टून बघत असली की तू हाका मारून थकतेस आणि म्हणतेस, "ऐकू येतं तिला, मुद्दाम करते." मुद्दाम नाही करत गं ती. तुझं ते वाक्य ऐकलं की मी घाईनं फोन ठेवते, कारण तेच वाक्य तू दवाखान्यात बोलली होतीस. आपल्याला वाटतं लक्ष म्हणजे अंगणातला दिवा, एकदा लावला की सगळं उजळतं. तसं नसतं. ते एका वेळी एका जागी बसतं, आणि जिथं नसतं तिथं ते नाही हे आपल्याला कळतसुद्धा नाही. अप्पांना खरंच वाटलं होतं की पोरगी समोर आहे म्हणजे दिसेल. तुलाही वाटलं होतं, मलाही. आपण दोघी निर्धास्त देवळात गेलो त्या याच भरवशावर.

आता शेवटचं, ज्यासाठी हे पत्र. घागरीचं सगळं मी अप्पांना सांगितल्यावर ते दोन दिवस स्वतःच्याच कानाशी चुटक्या वाजवून बघत होते. मग म्हणाले, "म्हणजे माझ्या कानातच दोष आसंल. परभणीला चल, तपासून घिऊ." इतक्या दिवसांत पहिल्यांदा त्यांच्या आवाजात काहीतरी धुगधुगी होती. परवा आम्ही गेलो, गंगाखेडवरून एसटीनं. राजेश्री म्हणून एक तरुण डॉक्टरीण आहे. तिनं त्यांना बंद खोलीत बसवून कानाला यंत्र लावलं आणि बारीक आवाज आला की बटण दाबा म्हणाली. काचेतून मला दिसत होतं, कसं सगळा जीव कानात आणून बसले होते. बाहेर आल्यावर ती खूश होऊन म्हणाली, "काका, या वयात एवढे चांगले कान मी बघितले नाहीत!" आणि ते मटकन खुर्चीत बसले. म्हणाले, "बाई, थोडा तरी दोष आसंल की. बघा की नीट." तिनं डोळ्यांच्या डॉक्टरकडं पाठवलं, मेंदूचा फोटो काढायला लावला. सगळं स्वच्छ. शेवटी मी तिला सृष्टीचं सगळं सांगितलं. तिनं सगळे कागद पुन्हा एकदा चाळले. मग म्हणाली, "आवाज कान आत आणतो काका, पण मन दुसरीकडं पूर्ण गेलं असेल तर तो दारातूनच परत जातो. माझंही होतं असं." अप्पांनी विचारलं, "मंग ही बिमारी न्हाई?" ती म्हणाली, "नाही हो. माणूस असाच असतो."

बसस्टँडवर ते माझ्याशेजारी बसून होते, हातात त्या तपासण्यांची पिशवी. म्हणाले, "आता पोरीला काय सांगायचं?" तेव्हा मला कळलं की एवढी धावपळ कशासाठी होती. तुला दाखवायला त्यांना एक आजार हवा होता. बहिऱ्या माणसाला लेक माफ करते, धडधाकट माणसाला कशी करणार? मी म्हटलं, मी लिहिते तिला, डाव्या कानानं कमी ऐकू येतं म्हणून. तिला काय कळणार आहे? खरं सांगते, मी मनात पत्र जुळवलंही होतं. आणि मला माहीत आहे, ते वाचून तू पुढच्याच गाडीनं आली असतीस. त्यांनी मान हलवली. "नगं. मला ऐकू येतंय. तवा आलं न्हाई, एवढंच लिही." म्हणून एवढंच लिहिते, धनू. अप्पांचे कान ठणठणीत आहेत, आणि त्या दिवशी त्यांना ऐकू आलं नाही. दोन्ही खरं आहे, आणि याला कुठल्याही डॉक्टरचा दाखला मिळत नाही. माझ्या शब्दावर विश्वास ठेवायचा तर ठेव. सृष्टीला घेऊन ये असं मी म्हणत नाही, ते तुझं तू ठरव. पण हे पत्र ठेवलंस की त्यांच्या मोबाईलवर फोन लाव, आणि दुसरं काही न बोलता नुसती "अप्पा" म्हणून हाक मार. मी शेजारीच असेन. त्यांना ती ऐकू जाते की नाही, ते मला बघायचंय.

सासूबाईंना माझा शरणार्थ सांग.

थकलेली, पण तुझीच,
आई